निगुडकरकाकांची सही

गॅसवाला रामबरन बेल वाजवायच्या आधी गल्लीतूनच हाक द्यायचा, "दीदी, चाचाजी घर पे हैं क्या?" मी हो म्हटलं की सिलिंडर आमच्या पायरीशी टेकवून तो आधी अख्खी गल्ली उरकून यायचा. निगुडकरकाकांची सही घेणं म्हणजे काय प्रकरण असतं, ते त्याला ठाऊक झालं होतं. काका आधी चष्मा शोधणार. मग पावती वाचणार, वरपासून खालपर्यंत. मग ती तिरकी धरून कडेची बारीक अक्षरं वाचणार. मग उलटी करून विचारणार, "मागे काय लिहिलंय?"

मागे काही लिहिलेलं नसायचं. गॅसच्या पावतीच्या मागे कोण काय लिहिणार, डोंबल? तरी काका तो कोरा कागद उजेडात धरून बघायचे आणि मगच सही करायचे. सहीसुद्धा कशी, तर पूर्ण. चिंतामण बळवंत निगुडकर, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न खाता.

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा सिलिंडर आला, मी नेहमीच्या घाईत फर्रकन सही केली, तर रामबरन म्हणाला, "दीदी, पीछे नहीं देखा?" विनोदच केला बिचाऱ्याने. मी आत जाऊन ओट्याशी उभी राहून रडले.

काका नात्याने आमचे कोणी नव्हेत. ग्वाल्हेरच्या छावणीतलं आमचं घर तीन मजली, सिमेंटचं आणि चांगलंच बेढब. सासऱ्यांनी कंत्राटदाराशी भांडत भांडत बांधलेलं. खाली आम्ही, मधल्या मजल्यावर काका, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीत एक खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा काका भाडेकरू म्हणून होतेच. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "शुभा न तू? गणित शिकवतेस ऐकलं. चांगलं आहे. गणितात मागची पायरी तपासता येते." मला वाटलं, हा माणूस एक तर फार शहाणा असणार, नाही तर चक्रम. पुढे कळलं की दोन्ही होते.

लग्नाची पत्रिका आली की काका ती गणपतीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. सराफ्यात बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी खायला नेलं तर द्रोणाखाली ठेवलेला रद्दीचा तुकडा वाचून झाल्याशिवाय घास घेत नसत, बेडई गार. तिळाच्या गजकच्या डब्यावर काय काय घातलंय ते वाचून मग विचारायचे, "तीळ तिसऱ्या नंबरावर कसा आला?" त्यांच्या पुतण्याने त्यांना नवा फोन पाठवला, तर फोन सुरू करताना येतात न त्या अटी, त्या काका वाचायला बसले. चार दिवस वाचत होते. पाचव्या दिवशी फोन डब्यात घालून परत पाठवून दिला. म्हणाले, "माझ्याकडून नाही होणार हे. पाचवं कलम तिसऱ्याच्या उलट आहे आणि ह्यांना वाटतं मी मान्य करावं."

मी वैतागायचे हो. खोटं कशाला बोलू? बँकेत त्यांना घेऊन गेले की मागची रांग माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायची. एकदा मी म्हटलं, "काका, इतकं काय वाचायचं? सगळे करतात तशी सही करून टाका न." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. कधीच रागवत नसत. एवढंच म्हणाले, "सगळे आत नाही गेले, शुभा."

'आत' म्हणजे तुरुंगात. आणि तोही इथला नव्हे, परदेशातला.

तरुणपणी काका इथल्या एका कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणीचं काही खरं नाही असं दिसायला लागल्यावर ते परदेशातल्या एका गिरणीत मास्टर म्हणून गेले. दोन वर्षांत तिकडे क्रांती झाली. जुनं सरकार गेलं, नवं आलं, आणि नव्यांना प्रत्येक परदेशी माणसात हेर दिसायला लागला. एकेकाला उचलून खटले भरले. त्यातले एक आरोपी आमचे निगुडकरकाका. त्या देशाचं नाव ते कधी घेत नसत, 'तिकडे' म्हणायचे. म्हणून मीही घेत नाही. गल्लीत त्यांना 'जासूस चाचा' म्हणत. त्यावर ते म्हणायचे, "अरे, शेजारच्या लूमवर काय चाललंय ते मला कळायचं नाही, मी कसला जासूस!"

आणि हेरगिरी काय केली होती, तर कावळ्याला बोलावलं होतं.

ही गोष्ट काका फार रंगवून सांगत. गणपतीत लोक मुद्दाम त्यांना सांगायला लावत. पितृपक्ष होता. बापूंची, म्हणजे त्यांच्या वडिलांची तिथी. काकांनी क्वार्टरमध्ये भात शिजवला, डाळ वाटून वडे केले, खीर केली. आता पान कशात मांडणार? तिकडे केळ नाही, पळस नाही. म्हणून चकचकीत स्टीलच्या ताटात सगळं वाढलं आणि ताट घेऊन क्वार्टरच्या छतावर गेले. छतासमोर नेमका लष्कराचा विमानतळ.

"आणि कावळे नाहीत गं तिकडे! एक नाही. मी काऽव काऽव करून घसा फोडला. तेवढ्यात यानिस आला वर, विडी ओढायला."

यानिस म्हणजे गिरणीतला ग्रीक मेकॅनिक, काकांचा जोडीदार. दोघं एकाच कँटीनमध्ये एकाच बाकावर जेवत. त्याने विचारलं, हे काय चाललंय? काका म्हणाले, वडिलांना जेवायला बोलावतोय. तर तो हसला नाही. म्हणाला, माझाही बाप गेलाय, जरा मोठ्याने बोलाव. आणि ताट काकांच्या हातातून घेऊन उन्हात उंच धरून हलवायला लागला, म्हणजे वरून जाणाऱ्या पाखराला दिसावं. काका हात पसरून पंखासारखे हलवताहेत, यानिस ताट चमकवतोय, आणि समोर विमानं. अर्ध्या तासात दंडाला फीत बांधलेली चार माणसं छतावर आली.

खोलीत पंचांग सापडलं. पानंच्या पानं आकडे! हे झालं सांकेतिक पुस्तक. कोर्ट भरलं एका शाळेच्या हॉलमध्ये. जज काकांहून लहान. दुभाषा होता, तो हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. "तो मला म्हणायचा, 'मुजरिम चिंतामण, अदालत जानना चाहती है...' आणि मध्येच आवाज चढवायचा!"

जजने विचारलं, तुमचे वडील आले हे तुम्हाला कसं कळतं? काका म्हणाले, कावळ्याने घास घेतला की कळतं. मग त्या दिवशी कावळा आला का? नाही आला. म्हणजे तुमच्या खुणेला उत्तर मिळालं नाही? काका म्हणाले, नाही मिळालं.

"झालं! लिहिलं त्यांनी, आरोपी कबूल करतो की त्याने खूण केली, पलीकडून उत्तर आलं नाही." इथे काका मांडीवर थाप मारत आणि सगळे पोट धरून हसत. तीन वर्षं आत राहून, कसल्याशा माफीत सुटून काका परत आले. गोष्ट नेहमी इथेच संपायची. यानिसचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं तर काका म्हणत, "त्याला जास्त झाली," आणि पाणी प्यायला उठत.

काकांच्या दारामागे एक कापडी पिशवी खुंटीला टांगलेली असे. तिच्यात दातांचा ब्रश, एक शाल, दोन सदरे, चालू सालचं पंचांग. दर पाडव्याला जुनं पंचांग काढून नवं घालत. "कुठे जायचंय, काका?" मी विचारायचे. "कुठे नाही. पण न्यायला आले तर ह्या वेळी शाल असू दे. तिकडे फार थंडी होती."

गच्चीवर ते कधी जात नसत. मधल्या मजल्यावरून वीस पायऱ्या, पण नाही. बापूंचं पान दर वर्षी मीच ठेवायचे. दौलतगंजातून मी पळसाची पत्रावळ आणायची, स्वयंपाक काका करायचे, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभं राहून खालून विचारायचे, "शिवला का गं?" मी म्हणायचे, शिवला. मगच आत जाऊन जेवायचे.

आणि तिसरी गोष्ट, साक्ष. काका कोणाबद्दल काही सांगत नसत. अगदी काही म्हणजे काही. समोरच्या भदौरियाजींच्या गाडीचा आरसा फुटला तेव्हा काका तिथेच खुर्ची टाकून बसले होते. भदौरियाजींनी पन्नास वेळा विचारलं, "आप तो वहीं थे, चाचाजी! किसने तोड़ा?" काका म्हणाले, "मैं गवाही नहीं देता." आरसा आमच्या ह्यांनी स्कूटर मागे घेताना फोडला होता, हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हा काकांचे फार उपकार वाटले. पण त्यांचा हाच हट्ट मला पुढे असा नडेल, असं वाटलं नव्हतं.

गच्चीतली खोली आम्ही इनेस नावाच्या मुलीला दिली होती. पोर्तुगालची, इथे गाणं शिकायला आलेली. साधी, हसरी, खिचडीवर तूप मागून घेणारी. पहाटे गच्चीत एका काठीला केसाळ बोळ्यासारखा माईक लावून ती पाखरांचे आवाज टिपायची. विमान गेलं तर तेही टिपायची. त्याचा सूर तानपुऱ्याशी लावून बघायची म्हणे. मग खाली येताना काकांच्या दाराशी थांबून त्यांना ऐकवायची. काका सगळं ऐकत, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. मध्येच उठले असते तर काका कसले!

भदौरियाजींनी तिचा फोटो काढून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. 'विदेशी महिला, छत पर यंत्र, एयरबेस की दिशा में. सब सतर्क रहें.' संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या छावणीत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस आले आणि इनेसला, तिच्या माईकला आणि वहीला थान्यात घेऊन गेले. पोरगी पांढरीफटक पडली होती. हे गावाला गेलेले. मी पायात चपला घातल्या आणि वर धावले.

"काका, चला. ती रोज काय रेकॉर्ड करते ते तुम्ही ऐकलंय. तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही."

काका खाटेवर बसले होते. ते दारामागच्या पिशवीकडे बघत होते, हे मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"मी साक्ष देत नाही, शुभा."

"अहो, तिला देशाबाहेर काढतील! नाही तर केस लावतील. तुम्हाला कळतंय न?"

"मला नाही कळणार तर कोणाला?" ते म्हणाले. पण उठले नाहीत.

माझं डोकं सटकलं. "मग बसा पावत्या वाचत!" असं ओरडून मी जिना उतरले. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी हे बोलले. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

थान्यात टीआय साहेब, म्हणजे तिथले मुख्य इन्स्पेक्टर, तसे बरे होते. दमलेले, पंख्याखाली घाम पुसत बसलेले. त्यांना काही इनेसला छळायचं नव्हतं; त्यांना प्रकरण आटपायचं होतं. मुंशीने, तिथल्या कारकुनाने, हिंदीत इनेसचं बयान लिहून ठेवलं होतं. "मैडम, साइन कर दो और घर जाओ. आगे का ऊपर वाले देख लेंगे." इनेसला हिंदी बोलता यायचं थोडं, वाचता एक अक्षर नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, गणिताची मास्तरीण, मीसुद्धा घाईत मान हलवली. कर बाई, सुटू दे. तिने पेन उचललं.

"सही करू नकोस!"

अख्खा थाना दचकला. दारात काका उभे. हातात काठी, खांद्याला ती पिशवी. ब्रश, शाल, सदरे, पंचांग सगळं घेऊन आले होते. आपल्यालाही आत ठेवणार अशी तयारी करून आले होते ते. "साइन मत करना, बेटी! मत करना!"

"बाबा, आप कौन?" टीआय साहेबांनी विचारलं.

"मैं पढ़ूँगा," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मग चष्मा. मग वाचन. मोठ्याने, एकेक ओळ हिंदीत, मग इनेससाठी इंग्रजीत. कागदात लिहिलं होतं की मी रोज सकाळी छतावरून विमानांचे आवाज टिपत होते आणि घरमालकिणीला ह्याची माहिती होती. घरमालकीण म्हणजे मी! मुंशीचा काही डाव नव्हता, खरं सांगते. त्याने ऐकलं तेवढं थोडक्यात लिहिलं होतं.

"इसमें चिड़िया कहाँ है?" काकांनी विचारलं.

"कौन चिड़िया?"

"यह लड़की चिड़ियाँ रिकॉर्ड करती है. विमान बीच में आ जाते हैं. आपके काग़ज़ में एक भी चिड़िया नहीं है. मशीन चलाइए."

मशीन लावली. पंधरा मिनिटं थान्यात बुलबुल, मैना, पोपट आणि आमच्या गल्लीतला भंगारवाला. एकदा विमान गेलं, त्याच्याबरोबर इनेसचा सा. टीआय साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले की ऐकत होते, देव जाणे. मुंशीने कपाळाला हात लावून नवा कागद घेतला. काका सांगत गेले, तो लिहीत गेला. बुलबुल, मैना, तोता.

"और कौआ," काका म्हणाले.

"कौआ भी?"

"कौआ ज़रूर लिखिए."

मग काकांनी स्वतःची साक्ष दिली. तीही त्यांच्या पद्धतीची. गच्चीवर मी जात नाही, तेव्हा ही मुलगी तिथे काय करते ते मी पाहिलेलं नाही. पण टिपलेलं सगळं रोज ऐकलेलं आहे आणि त्यात पाखरं आहेत, लपवण्यासारखं काही नाही. मुंशीने 'देखा है' लिहिलं, काकांनी खोडायला लावलं. 'सुना है' करून घेतलं. शेवटी सहीची वेळ आली आणि सवयीने ते म्हणाले, "पीछे क्या लिखा है?"

कागद उलटला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मागे काहीतरी लिहिलेलं निघालं! मुंशीने पाठकोरा कागद घेतला होता; मागे कोणाच्या तरी म्हशीच्या चोरीची तक्रार. टीआय साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लिखो भाई, नया लिखो. नहीं तो बाबा भैंस चोरी में अंदर जाएँगे." तिसऱ्यांदा सगळं लिहिलं गेलं. दुपारी दोनला इनेस आमच्याबरोबर घरी आली. माईक आणि वही आठ दिवसांनी परत मिळाली, पुढे काही झालं नाही. भदौरियाजींनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं, बस.

घरी मी चहा टाकला. काका स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसले, पिशवी अजून खांद्यालाच. इनेसने विचारलं, तुम्ही इतक्या जोरात का ओरडलात? आणि मांडीवर थाप मारून काका जिथे ती गोष्ट संपवायचे, तिथून पुढची त्यांनी आम्हाला सांगितली.

नऊ दिवस त्यांना झोपू दिलं नव्हतं. मग दुभाष्याने तिकडच्या लिपीतला एक कागद आणला. म्हणाला, 'यह कौए वाला बयान है. साइन कीजिए और सो जाइए.' काकांनी पूर्ण सही केली, वडिलांच्या नावासकट, आणि झोपले. महिन्याभराने त्यांना यानिसच्या खटल्यात नेलं. तिथे तो कागद वाचला गेला. त्यात होतं की यानिसने मला खुणा शिकवल्या, ताट चमकवायची युक्ती त्याची. काकांना त्यातलं अक्षर कळलं नाही, दुभाष्याने कानात सांगितलं तेव्हा कळलं. जजने विचारलं, ही सही तुमची?

"मी म्हणायला पाहिजे होतं न, की सही माझी आहे, पण मी वाचलं नव्हतं. एवढंच. एक वाक्य. तेवढंही नाही म्हणालो. 'हो, माझी' म्हणालो आणि खाली बसलो. घाबरलो होतो गं शुभा. यानिसने माझ्याकडे पाहिलं. मला तीन वर्षं झाली, त्याला पंधरा."

मी चहा गाळायचा विसरले होते. गाळता गाळता म्हटलं, "काका, मी बापूंचं पान ठेवते तेव्हा त्याचंही ठेवत जाऊ का?"

"भटजींना विचारलंय मी. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, ग्रीक असला तरी चालतं. पण तो गेलाय की आहे, ते कुठे माहीत आहे? तीन पत्रं टाकली त्याच्या वकिलातीत, उत्तर नाही." त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. "एकदा न वाचता सही केली त्याच्या नावावर. आता न कळता पान नाही मांडणार."

इनेसने काकांकडून यानिसचं पूर्ण नाव आणि गाव लिहून घेतलं. नाव त्यांना पाठच होतं. तुरुंगात दोघांची हजेरी एका पाठोपाठ व्हायची. महिनाभर ती फोनवर कोणाकोणाला लिहीत होती. आणि पितृपक्ष संपत आला असताना एका सकाळी ती दोन दोन पायऱ्या उतरत काकांच्या खोलीत आली. मला हाक मारून वर बोलावलं. यानिसच्या मुलीचं उत्तर आलं होतं.

इनेस इंग्रजीत सांगत गेली आणि आम्ही ऐकत गेलो. यानिस अकरा वर्षांनी सुटला होता. गावी जाऊन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न उशिरा केलं. सहा वर्षांपूर्वी घरी, स्वतःच्या बिछान्यात गेला. पुढे मुलीने विचारलं होतं, हे तेच भारतीय का, कावळ्याचे? बाबा त्यांना शोधत होते. तुरुंगात बाबांना एक कागद दिला होता, तुमचे बूट परत मिळतील, सही करा म्हणून. त्यात लिहिलं होतं की भारतीय माणसाने मला आकड्यांची भाषा शिकवली. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी त्या माणसाला बुटांसाठी विकलं. ते कुठे असतील तर सांगा की बाबांना फार लाज वाटत होती.

काकांनी फोन हातात घेतला. बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग, शप्पथ सांगते, त्यांनी तो फोन उलटा करून मागे पाहिलं.

"काका, मागे काही नाही," मी म्हटलं.

"बुटांसाठी," ते म्हणाले. "गाढव कुठला. अगं, भिकार बूट होते त्याचे! तळ गेलेले!" आणि हसायला लागले, आणि हसता हसता असे रडायला लागले की इनेस घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खूण केली, राहू दे. चाळीस वर्षं दोन म्हातारे दोन देशांत बसून एकमेकांची माफी मागत होते आणि एकमेकांना पत्ता माहीत नव्हता.

त्यानंतर काका चार महिने होते. संक्रांतीच्या आधी, थंडीत, दुपारी झोपेत गेले. पण ते मला सांगायचं नाहीये. माझे काका मला गच्चीवरचे आठवतात.

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी पहाटे उठून स्वयंपाक केला. मी पत्रावळ घेऊन वर गेले तर म्हणाले, "एक नाही, दोन दे." दोन्ही पानं वाढली. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. मी नेहमीसारखी पानं उचलायला वाकले, तर म्हणाले, "तू राहू दे, मी नेतो." वीस पायऱ्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात ताट, त्यात दोन पत्रावळी. मी मागे, पडले तर धरायला. गच्चीच्या दाराशी थांबले, थोडा श्वास घेतला आणि उन्हात गेले.

पानं कठड्यावर मांडली. एकापुढे हात जोडून म्हणाले, "बळवंत, काश्यप गोत्र." दुसऱ्यापुढेही हात जोडले. "यानिस. काश्यप गोत्र." तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, कान फाडत. मला वाटलं काका खाली बसतील. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात पसरले, पंखासारखे हलवले आणि मोठ्याने ओरडले, "काऽव, काऽव!" समोरच्या गच्चीतून भदौरियाजी बघत होते. बघू देत.

ग्वाल्हेरात कावळ्यांना काय तोटा? एक आला. टाकीवर बसला, मान तिरकी करून दोन्ही पानं बघितली, आणि उतरला तो थेट यानिसच्या पानावर. वडा चोचीत धरून हाणायला लागला.

"बघ," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "कँटीनमध्ये पण असाच. मी हात धुवून येईपर्यंत ह्याचं निम्मं झालेलं असायचं."

बापूंचं पान तसंच होतं. मी म्हटलं, "काका, बापूंचं?"

"येईल गं दुसरा. बापूंना थांबायची सवय आहे."